इलेक्ट्रिक सायकल: मोटर चाकात हवी की पायडलांशी?

मधल्या किमतीची इलेक्ट्रिक सायकल घ्यायची म्हटलं की जो तो आधी विचारतो, एका चार्जमध्ये किती किलोमीटर? प्रश्न बरोबर आहे, पण त्याच्याही आधी एक गोष्ट ठरवावी लागते. मोटर मागच्या चाकात असलेली घ्यायची, की पायडलांच्या मधे, क्रँकच्या आसाशी असलेली? पहिलीला हब मोटर म्हणतात, दुसरीला मिड-ड्राइव्ह. सायकलची चाल, चेनचं आयुष्य, पंक्चर काढायची रीत, सगळं यावरून बदलतं. मी आधी चार वर्षं हबवाली चालवली, आता मिड-ड्राइव्ह चालवतो, आणि दोन्हींवर माझा जीव आहे.

दोन्ही कल्पना शंभर वर्षांहून जुन्या आहेत. मागच्या चाकात मोटर बसवलेल्या सायकलचं अमेरिकन पेटंट ऑग्डेन बोल्टन यांनी १८९५ साली मिळवलं, आणि दोनच वर्षांनी होसिया लिबी यांनी क्रँकच्या आसाशी मोटर बसवायची रचना मांडली.

फरक खरा कळतो तो चढावर. हब मोटरला सायकलच्या गिअरचा काहीच उपयोग होत नाही, तिचा वेग चाकाच्या वेगाशी बांधलेला असतो. मोठ्या चाकाचा परीघ साधारण २.२ मीटर धरा. ताशी २५ किलोमीटर वेगाला ते मिनिटाला १९० फेरे घेतं आणि मोटर खुशीत चालते. तेच चढावर वेग १० वर आला की फेरे ७५ च्या आसपास उतरतात. इतकं मंद फिरताना विजेचा मोठा भाग उष्णतेत जातो. आता जोर किती लागतो ते बघा. तुम्ही आणि सायकल मिळून १०० किलो, चढ ८ टक्क्यांचा, म्हणजे शंभर मीटरमागे आठ मीटर वर, आणि वेग ताशी १० किलोमीटर. नुसतं वजन वर न्यायलाच जवळजवळ २२० वॉट लागतात. सराव नसलेला माणूस बराच वेळ शंभर वॉटच्या आसपासच देऊ शकतो, उरलेलं मोटरला द्यावं लागतं. अर्धा किलोमीटर हब मोटर ते निभावते. तीन किलोमीटर असाच चढ असेल तर ती तापते आणि मदत आखडती घेते. मिड-ड्राइव्हचा जोर चेनमधून, गिअरमधून जातो. तुम्ही हलका गिअर टाकला की मोटरही तिच्या सोयीच्या वेगाने फिरत राहते. माझ्या वाटेवरचा जो चढ हबवाल्या सायकलवर उभं राहून, दात खाऊन काढायचो, तो आता बसून काढतो.

याची किंमत चेन मोजते. मिड-ड्राइव्हमध्ये तुमच्या पायांचा आणि मोटरचा, दोघांचा जोर त्याच चेनवर पडतो. माझी चेन आता पूर्वीच्या जवळजवळ निम्म्या अंतरात ताणली जाते, आणि वेळेवर बदलली नाही तर मागची दातेरी चक्रंही घेऊन जाते. चेन मोजायची छोटी पट्टी घरात ठेवाच. शिवाय सवय बदलावी लागते: गिअर बदलताना क्षणभर पाय हलका करायचा, आणि थांबायच्या आधी हलक्या गिअरवर यायचं. हबवाल्या सायकलला यातलं काही लागत नाही. तिची चेन तुटली आणि थ्रॉटल (पायडल न मारता मोटर चालवायची मूठ) असेल, तर ती तुम्हाला घरी आणून सोडते. मिड-ड्राइव्हची चेन तुटली तर सायकल ढकलायची.

पंक्चरच्या वेळी मात्र पारडं फिरतं. मिड-ड्राइव्हचं मागचं चाक साध्या सायकलसारखं निघतं. हबवाल्या चाकाला मोटरची केबल असते, आसाला मोठे नट असतात (बहुतेकदा १८ नंबरचा पाना लागतो) आणि आस फिरू नये म्हणून खाचेत बसणारे वॉशर. ते कोणत्या क्रमाने, कोणत्या बाजूला होते हे विसरलात तर मोटरच्या जोराने आस फिरून केबल पिळवटते. एकदा पावसात, अंधारात हे सगळं केल्यावर मी एक शहाणपण शिकलो: चाक काढायचंच नाही. टायरची एक कड सोडवून ट्यूब बाहेर ओढायची, भोक शोधायचं, तिथेच पॅच लावायचा. दहापैकी आठ वेळा एवढ्यावर भागतं. वजनदार हबमुळे मागच्या चाकाच्या तारा (स्पोक) तुटण्याचा त्रासही या सायकलला जास्त, विशेषतः कॅरिअरवर रोज ओझं असेल तर.

दुरुस्तीत हबवाली सायकल मला जास्त प्रामाणिक वाटते. मोटर वेगळी, तिला वीज मोजून देणारा कंट्रोलर वेगळा, डिस्प्ले वेगळा. माझा कंट्रोलर गेला तेव्हा नवा आणून एका संध्याकाळी बसवला. मिड-ड्राइव्हमध्ये मोटर, सेन्सर आणि बहुधा कंट्रोलरही एकाच पेटीत बंद असतात, आणि अनेक कंपन्यांची मोटर फक्त त्यांच्याच बॅटरीशी बोलते. माझ्या सायकलच्या पडद्यावर एकदा बिघाडाचा आकडा आला. कार्यशाळेत सांगितलं, पूर्ण युनिट बदलावं लागेल. सहा आठवडे सायकल तिथेच होती. रोज कामावर सायकलनेच जाणाऱ्याने हा प्रश्न खरेदीच्या दिवशीच विचारायला हवा.

आता ज्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं ते, म्हणजे सेन्सर. माझ्या मते चालवण्यातलं सुख मोटरच्या जागेपेक्षा यावर जास्त अवलंबून आहे. केडन्स सेन्सर फक्त पायडल फिरतंय का हे बघतो. पायडल थोडं फिरल्यावर मोटर एकदम ढकलते आणि थांबल्यावरही क्षणभर ढकलत राहते. अरुंद वळणावर, गर्दीत हे नकोसं होतं. टॉर्क सेन्सर तुम्ही किती जोर लावता ते मोजतो आणि त्या प्रमाणात मदत करतो. यामाहाने १९९३ मध्ये जपानात आणलेली पास ही सायकल याच तत्त्वावर होती. मिड-ड्राइव्हमध्ये टॉर्क सेन्सर बहुधा असतोच, हबवाल्या सायकलींत कोणताही असू शकतो. ओळखायची युक्ती सोपी आहे. हलक्यात हलका गिअर टाका आणि जोर न लावता पाय नुसते फिरवा. तरीही मोटर भरपूर ढकलत असेल तर तो केडन्स सेन्सर.

बॅटरीचा या निवडीशी फारसा संबंध नाही. ३६ व्होल्ट गुणिले १४ अँपिअर-तास म्हणजे ५०४ वॉट-तास. किलोमीटरला १० वॉट-तास खर्च धरला तर ५० किलोमीटर, चढ आणि समोरून वारा असेल तर ३५ च्या आत. शून्य अंशाखाली गारठलेली बॅटरी चार्ज करू नका, आणि महिनोन्महिने वापरणार नसाल तर अर्धी भरून ठेवा.

मधल्या किमतीत माझा कौल असा: रस्ता सपाट किंवा छोट्या चढांचा असेल तर टॉर्क सेन्सरची, गिअरवाली (म्हणजे मोटरच्या आतच दातेरी चक्रं असलेली) हब मोटर घ्या. त्याच पैशांत मिड-ड्राइव्ह बसवायची तर बनवणारा कुठेतरी हात आखडतो, आणि तो बहुतेकदा ब्रेक आणि बॅटरीवर आखडतो. बावीस-पंचवीस किलोच्या सायकलला चांगले हायड्रॉलिक डिस्क ब्रेक हवेतच. पण रोजच्या वाटेवर सात-आठ टक्क्यांचा, किलोमीटरभर किंवा अधिक चढ असेल, तर थोडं थांबा, पैसे जमवा आणि मिड-ड्राइव्हच घ्या.

चालवून बघायला जाल तेव्हा पाठीवर रोजची पिशवी घ्या, जवळपासचा सगळ्यात खडा चढ चढा, परत या आणि विकणाऱ्याला मागचं चाक तुमच्यासमोर काढून पुन्हा बसवायला सांगा.