८०८५चा किट की आर्डुइनो?

दिवाळीच्या सुट्टीत भाचा नाशिकला सिडकोत आमच्याकडे आला होता. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणाला, "मामा, कॉम्प्युटर आतून कसा चालतो ते मुळापासून शिकायचंय. कॉलेजात ८०८५ प्रोसेसरचा किट आहे, पण सगळे म्हणतात तो जुना झाला. आर्डुइनो घेऊ का?" मी अंबड एमआयडीसीत कंट्रोल पॅनल दुरुस्त करतो, दोन्हींवर हात बसलेला आहे: किट म्हणजे बटणं दाबून प्रोसेसरला थेट सूचना द्यायचा सरावाचा बोर्ड, आर्डुइनो म्हणजे कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहून त्यात भरायचा छोटा बोर्ड. त्याला सांगितलं ते इथे लिहितो, कारण हा प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच.

८०८५ जुना आहे हे खरंच, इंटेलनं तो १९७६ मध्ये आणला. पण किटवर पाच अधिक तीन करायचे तर नऊ बाइट आपल्याच बोटांनी दाबावे लागतात (सोळाच्या पद्धतीतले, म्हणजे हेक्स आकडे): ३ई ०५, ०६ ०३, ८०, ३२ ५० २०, ७६. ३ई म्हणजे पुढचा आकडा अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये (प्रोसेसरची हिशेबाची जागा) घाल, ०६ म्हणजे बी रजिस्टरमध्ये, ८० म्हणजे बेरीज कर, ३२ म्हणजे उत्तर मेमरीत ठेव, ७६ म्हणजे थांब. पत्ता २०५०, पण दाबायचा ५० २०, कारण खालचा बाइट आधी जातो. पहिल्यांदा मी सरळ २० ५० दाबलं. प्रोसेसर उत्तर ठेवायला ५०२० वर गेला आणि मी २०५० उघडून भलताच आकडा बघत बसलो. अर्धा तास बेरीजच तपासत होतो. हा नियम वहीत आधीच लिहिलेला होता, पण डोक्यात शिरला तो त्या दिवशी.

हाच प्रोग्राम किती वेळ घेतो तेही कागदावर काढता येतं. प्रत्येक सूचनेचे टी-स्टेट, म्हणजे घड्याळाचे ठोके, तक्त्यात दिलेले असतात. इथे ७, ७, ४, १३ आणि ५, म्हणजे ३६. घड्याळ ३ मेगाहर्ट्‌झचं असेल तर १२ मायक्रोसेकंद. शिवाय पत्त्याच्या आणि डेटाच्या तारा चिपच्या ४० पायांवर बाहेर आलेल्या असतात, प्रोब लावून बघता येतात. खालच्या आठ तारा आधी पत्ता नेतात, मग त्याच डेटा नेतात, आणि आता पत्ता चाललाय हे एएलई नावाचा पाय सांगतो. मला हे फार सुंदर वाटतं.

आर्डुइनो उनो (आर३) बोर्डावरच्या एटीमेगा३२८पी या चिपमध्ये हे सगळं आत बंद असतं. ३२ केबी फ्लॅश, २ केबी रॅम, १६ मेगाहर्ट्‌झ, सारं एकाच चिपमध्ये. प्रोग्राम फ्लॅशमध्ये आणि डेटा रॅममध्ये, दोघांचे रस्ते वेगळे. ८०८५ मध्ये दोन्ही एकाच मेमरीत, त्यामुळे तिथे प्रोग्राम स्वतःलाच बदलू शकतो.

पण आर्डुइनोचा मोठा फायदा म्हणजे तो घरी असतो. मिळताजुळता बोर्ड काहीशे रुपयांत येतो, किटला काही हजार लागतात. लाइट गेली तर साध्या किटच्या रॅममधलं सगळं पुसलं जातं आणि पुन्हा पहिल्या बाइटपासून दाबावं लागतं. फ्लॅशमधलं तसंच राहतं. आणि पुढे द्राक्षबागेच्या ठिबकचा व्हॉल्व्ह चालवायचा असेल तर कामाला हाच येणार.

फक्त एक करा, डिजिटलराइट या पिन चालू-बंद करायच्या तयार आज्ञेवर थांबू नका. १३ नंबरची पिन म्हणजे पोर्ट बीचा बिट ५ (मोजणी शून्यापासून). डीडीआरबी रजिस्टरमध्ये तो बिट १ करा म्हणजे पिन आउटपुट झाली, पोर्टबीमध्ये १ करा म्हणजे एलईडी लागला. असेंब्लीत एसबीआय ही एकच सूचना पुरते, दोन क्लॉकमध्ये काम होतं. डिजिटलराइट आधी पोर्ट शोधतं, बिट शोधतं, त्या पिनवर टायमर चालू आहे का ते बघतं, मग लिहितं. हे समजून न घेता वर्षभर आर्डुइनो वापरणारी मुलं मी पाहिलीत, त्यांच्यासाठी ती चिप बंद डबीच राहते.

गेट (बिटांवर साधी क्रिया करणारी छोटी सर्किटं) जोडून सुरुवात करावी असंही कुणी सांगेल. एका बिटच्या हाफ अ‍ॅडरपुरतं, म्हणजे एकेका बिटाचे दोन आकडे मिळवण्यापुरतं, जरूर करा: पाच नँड गेट लागतात, म्हणजे ७४एलएस००च्या (एकीत चार नँड) दोन चिपा. चार बिटांची पूर्ण बेरीज करायला गेलात तर ३६ नँड, नऊ चिपा, आणि निम्मा वेळ ब्रेडबोर्डची सैल वायर शोधण्यात जातो.

भाच्याला मी म्हटलं, किट विकत घेऊ नकोस, कॉलेजचाच वापर. लॅब उघडी असेल त्या दिवशी जा, नऊ बाइटांपासून सुरू कर आणि महिनाभर फक्त तेच. बोर्ड त्यानंतर एमजी रोडवरून आणू, डेटाशीट छापून घेऊ आणि रविवारी सकाळी माझ्या टेबलावर बसू.