आयरिश नृत्याचा शो की घरी जुने सिनेमे?

शोची खरी मजा पायांत आहे, म्हणून तिकीट काढताना आधी जागा बघा. अगदी पुढची रांग महाग असते, पण मंच उंच असेल तर नेमके पायच दिसत नाहीत. बाल्कनीची पहिली रांग उत्तम: पावलंही दिसतात, नर्तकांच्या रांगांची रचनाही. कडक बुटांच्या टाचा आणि टोकं बहुधा फायबरग्लासची असतात, त्यामुळे ट्रेबल जिगचा (कडक बुटांतल्या एका नाचाचा) कडकडाट छातीत जाणवतो. ९/८ तालातली स्लिप जिग (दुसरा नाच) मात्र मऊ बुटांत, जवळपास बिनआवाज. १९९४च्या युरोव्हिजन गीतस्पर्धेत, डब्लिनला, ‘रिव्हरडान्स’ हा प्रसिद्ध आयरिश नृत्याचा शो मध्यंतरात सात मिनिटांचाच होता. पूर्ण शो १९९५ला आला. सुमारे दोन तास तोच ठेका काहींना जड जातो, हेही खरं.

सिनेमाला ना वेळेचं बंधन, ना पार्किंगची कटकट. फक्त टीव्ही नीट लावा. जुन्या सिनेमांची चौकट (रुंदी:उंची) १.३७:१ची; ती १६:९वर ताणली की नट बुटके, जाडे दिसतात. बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू द्या, मोशन स्मूदिंग (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी टीव्हीची सेटिंग) बंद करा.

नाचच बघायचा असेल तर हॉलिवूडचा नर्तक-नट फ्रेड अस्टेअरचे सिनेमे लावा: पूर्ण देह चौकटीत, दृश्यांची कापाकापी कमी. जमिनीची थरथर तेवढी मिळणार नाही.