पॅक-मॅन: उन्हाळ्यापासून थंडीपर्यंत खेळल्यावर

जळगावच्या मे महिन्यात भर दुपारी पोरांना बाहेर सोडता येत नाही. सुट्टीला आलेल्या भाच्यांसाठी तेव्हा पॅक-मॅनची मूळ आर्केड (नाणं टाकून खेळायच्या यंत्रावरची) आवृत्ती कॉम्प्युटरवर घेतली. भाचे कधीच भुसावळला परत गेले, आता बाजारात भरताची वांगी आली, आणि मी अजून रोज खेळतोय. कारण एकच: या खेळात नशिबाला जवळजवळ जागा नाही. तुम्ही तंतोतंत त्याच चाली खेळलात, तर तुमच्या मागे लागलेली चार भुतंही तशीच वागतात.

भुलभुलैयात २४० ठिपके आणि चार मोठ्या गोळ्या. तुमच्या पॅक-मॅनने सगळं खाल्लं की पुढची पातळी. बटण एकही नाही, फक्त चार दिशा. तोरू इवातानी यांनी १९८० साली नामको या जपानी कंपनीसाठी हा खेळ रचला, आणि त्यांची खरी करामत भुतांत आहे. तांबडा ब्लिंकी थेट अंगावर येतो. पिंकी तुमच्या तोंडापुढची चार घरं सोडून जागा धरते, म्हणजे वाट अडवते. इंकीचा हिशोब ब्लिंकी कुठे आहे यावरही ठरतो, त्यामुळे ही जोडी कोंडीत पकडते. नारिंगी क्लाइड लांबून धावत येतो, पण आठ घरांच्या आत आला की खालच्या डाव्या कोपऱ्याकडे वळतो.

मोठा भाचा पिंकी दिसली की उलटा पळायचा. त्याला म्हटलं, तिच्याकडे तोंड करून जा. तुम्ही समोरून अगदी जवळ गेलात की तिला हवी असलेली जागा तिच्याच पाठीमागे पडते, आणि फाटा मिळाला तर ती वळून जाते. जमलं तसा धाकटा ओरडला, "मामा, पयनी, पयनी!"

भुतं सतत पाठलाग करत नाहीत. पहिल्या पातळीत आधी ७ सेकंद ती आपापल्या कोपऱ्याकडे जातात, मग २० सेकंद तुमच्या मागे. असं काही वेळा आलटून पालटून चालतं. चौघं एकदम उलटी फिरली की पाळी बदलली समजा. अडचणीच्या जागा भुतं आपापल्या कोपऱ्याकडे गेली असताना उरकाव्यात. ठिपके खाताना पॅक-मॅन किंचित मंदावतो, म्हणून जीव वाचवायचा असेल तर रिकाम्या गल्लीतून पळा. बाजूच्या बोगद्यात भुतं बरीच हळू होतात.

मोठी गोळी खाल्ली की भुतं थोडा वेळ निळी होतात, आणि तेव्हा ती खाल्ली की २००, ४००, ८००, १६०० असे गुण चढतात. त्याची चटक लागते, पण १९ व्या पातळीपासून भुतं निळी होतच नाहीत. तिथे पाठ केलेला रस्ताच तारतो.

भुलभुलैया शेवटपर्यंत एकच आहे. नवनवीन नकाशे हवे असतील त्यांनी घेऊ नये. मूळ पडदा उभा, त्यामुळे रुंद मॉनिटरवर दोन्ही बाजू रिकाम्या राहतात आणि चित्र लहान दिसतं. मला त्याचं काही वाटत नाही. टीव्हीला जोडणार असाल तर मात्र टीव्हीतला गेम मोड चालू करा, नाहीतर बाण दाबल्यावर वळण उशिरा घेतलं जातं, आणि ब्लिंकी तेवढाच मागे असतो.