पुण्याचं खाजगी विद्यापीठ की उद्यमबाग? एमबीए-एमसीएला निघालेल्या बेळगावकरांसाठी

भाचीचं बीसीए संपत आलं तेव्हा घरात दोन पक्ष पडले. बहीण पुण्याच्या बाजूची, भाओजी उद्यमबागेच्या, म्हणजे बेळगावातल्याच जीआयटी कॉलेजाच्या. दोन्हीकडचे कागद वाचायचं काम माझ्या गळ्यात पडलं, त्यातून जे कळलं ते इथं मांडतो.

पहिला घोळ आम्ही महिनाभर निस्तरत होतो. पुण्यातली बरीच खाजगी विद्यापीठं 'महाराष्ट्र सीईटीचा स्कोअर चालेल' असं लिहितात. वाचणाऱ्याला वाटतं, सीईटीतून नंबर लागला म्हणजे फीसुद्धा तिकडच्या साध्या कॉलेजाएवढीच. तसं नसतं. एमआयटी-डब्ल्यूपीयूसारखं खाजगी विद्यापीठ असो की सिंबायोसिससारखं अभिमत (डीम्ड), प्रवेश ते आपले आपण देतात. स्कोअर नुसता चाळणीला, फी त्यांची ते ठरवणार. सिंबायोसिसच्या एमबीएला तर सीईटीही नाही, त्यांची स्वतःची स्नॅप परीक्षा आहे आणि ती डिसेंबरच्या सुमाराला असते. म्हणजे पदवीचं शेवटचं वर्ष निम्मं व्हायच्या आतच ठरवायला हवं. आपल्याकडं हा विषय निघतो मे महिन्यात, आंबे पिकल्यावर.

सीमाभागाच्या सवलतीचंही असंच. महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी तिकडच्या प्रवेशात वेगळी सोय आहे. सीमाभागातले असल्याचा एक आणि मातृभाषा मराठी असल्याचा दुसरा, असे दोन दाखले त्यासाठी लागतात. पण ही सोय महाराष्ट्राच्या सीईटी सेलच्या कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या, फेऱ्यांतून भरणाऱ्या कॉलेजांसाठी आहे. खाजगी विद्यापीठाच्या काउंटरवर ते दाखले दाखवून फी कमी होत नाही. आमच्या ओळखीतल्या एका घरानं दाखल्यांसाठी चार खेपा घातल्या आणि शेवटी अर्ज भरला तो खाजगी विद्यापीठाचा! ज्यांना पुणं किंवा कोल्हापूर हवंच आहे आणि खिसा बेताचा आहे, त्यांनी खाजगी विद्यापीठ बाजूला ठेवून आधी कॅपची यादी बघावी. माझ्या मते सीमाभागातल्या मुलांच्या हातातला सगळ्यात चांगला पत्ता हाच आहे आणि तोच सगळ्यात कमी खेळला जातो. जातीच्या दाखल्याची गोष्ट वेगळी. इथं कर्नाटकात मराठा समाज ३ब या मागास प्रवर्गात येतो. महाराष्ट्रात हा प्रवर्गच नाही, तेव्हा त्या भरवशावर हिशेब मांडू नये.

आता उद्यमबाग. जीआयटी म्हणजे गोगटे इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, १९७९ चं, व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) छत्राखालचं स्वायत्त कॉलेज. तिथं एमसीए-एमबीएच्या सरकारी वाट्याच्या जागा कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाच्या (केईए) पीजीसीईटी या प्रवेशपरीक्षेतून भरतात, उरलेल्या मॅनेजमेंटकडं. एकाच वर्गात, एकाच बाकावर दोन वेगळ्या फीची मुलं बसतात, म्हणून पीजीसीईटीचा रँक चांगला असेल तर तो वाया घालवू नये. खुद्द व्हीटीयूचे पदव्युत्तर वर्गही मच्छेजवळच्या ज्ञानसंगम आवारात भरतात. घरचं जेवण, घरची स्कूटी. पुण्यात 'पीजी' म्हटलं की शिक्षण आणि कॉटबेसिसची खोली असे दोन्ही खर्च येतात, आणि दुसरा दर महिन्याला येतो.

मग पुणं घ्यायचं कशाला? एमबीएसाठी घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. एमबीएत निम्मं शिक्षण शेजारी बसलेल्या मुलांकडून आणि कंपन्यांतल्या इंटर्नशिपमधून होतं. त्या बाबतीत चाकण-हिंजवडी आणि आपली औद्योगिक वसाहत यांची बरोबरी नाही. मात्र जाहिरातीतलं 'सर्वाधिक पॅकेज' वाचून जाऊ नये. तो आकडा एकाच मुलाचा असतो. आपल्या शाखेत नोकरीच्या मुलाखतींना किती जण बसले, कितींना नोकरी लागली आणि पगाराच्या यादीत मधोमध असलेल्या मुलाला किती मिळाले, हे लेखी मागावं. एमसीएचं उलट आहे. २०२० पासून तो दोनच वर्षांचा झालाय. कोड लिहिता येत असेल तर कंपनी कॉलेजचं गाव फारसं बघत नाही. नोकरीला पुण्याला जायचंच आहे, मग दोन वर्षं आधी भाडं कशाला भरा? फक्त बीकॉमवाल्यांनी बारावीला किंवा पदवीला गणित होतं का, ते आधी तपासावं.

एमए मराठी करणाऱ्यांनी हा सगळा गोंधळ सोडावा. त्यांना बेळगावचं राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे, नाहीतर शंभर-एक किलोमीटरवर कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ.

वर्षांचा हिशेबही बघा. कर्नाटकानं २०२४ मध्ये पुन्हा तीन वर्षांची पदवी आणली. एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची जाहिरात दिसली तर ती चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतलेल्यांसाठी असते.

राहिले पैसे. पुण्याच्या जागेसाठी आधी रक्कम भरायला लावतात, आणि इथली पीजीसीईटीची यादी त्यानंतर लागते. अशा वेळी यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) २०१८ चा परतावा नियम पाठ असावा. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ किंवा अधिक दिवस आधी रद्द केलं तर पूर्ण फी परत, त्यानंतर तारखेपर्यंत ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८०, तीस दिवसांपर्यंत ५०, पुढं शून्य. पूर्ण परताव्यातूनही प्रक्रिया शुल्क कापतात, पण ते फीच्या ५ टक्के आणि ५,००० रुपये यांपेक्षा जास्त नसावं. मूळ गुणपत्रिका ठेवून घ्यायला मनाई आहे, तपासून परत द्यायच्या असतात. भाचीच्या मैत्रिणीकडून एका ठिकाणी त्या 'फाइलला लावून' ठेवल्या होत्या. नियमाची प्रत पुढं केल्यावर दहा मिनिटांत निघाल्या. रद्द करायचा अर्ज ईमेलनंच करावा, म्हणजे तारीख राहते.

भाची उद्यमबागेत आहे. मैत्रीण पुण्यात एमबीएला, आणि बहीण अजून भाओजींशी नीट बोलत नाही.