१८ खिशांचं जॅकेट, सातपुडा आणि आपलं ऊन : आठ-नऊ महिने वापरून झाल्यावर

आधी हेच सांगतो, खान्देशात राहून असलं बिनबाह्यांचं खिशांचं जॅकेट घ्यायचं असेल तर खिसे शेवटी मोजा, पहिले पाठ बघा. पाठीला जाळी आहे का बंद कापड, एवढ्यावरच ठरतं की होळीनंतर ते अंगावर राहील का खुंटीवर. ऑनलाइन जेवढे रिव्ह्यू वाचले त्यात सगळे खिसे मोजत बसलेले, हे घालून जळगाव-भुसावळच्या ४५ डिग्रीत कोणी फिरलेलं दिसलं नाही.

माझा वापर कसा आहे ते सांगतो म्हणजे तुम्हाला लागू पडतं का ते कळेल. पक्षी बघायला आणि डोंगर फिरायला जातो, यावल अभयारण्य, पाल, तोरणमाळ, चाळीसगावकडे पाटणादेवी, कधी वेळ कमी असला तर धुळ्याजवळचा लळिंग. गळ्यात ८ बाय ४२ ची दुर्बीण, पाठीवर मध्यम सॅक आणि मधे हे जॅकेट. दिवाळीच्या आधी मागवलं, साडेबाराशेच्या आसपास पडलं, कंपनी विचारू नका कारण तेच जॅकेट चार नावांनी चार किमतींना दिसतं, फोटोसुद्धा तोच.

घ्यायच्या आधी तीन-चार प्रकार बघितले. एक ते फोटोग्राफर लोक घालतात तसं जाड कॉटनचं, दिसायला सगळ्यात भारी पण घामाने भिजलं की जड होतं आणि लवकर वाळत नाही. दुसरं मासेमारीचं, आखूड असतं, हलकं असतं, खिसे छातीवर वरच्या बाजूला. तिसरं ते टॅक्टिकल, म्हणजे लष्करी धाटणीचं, सगळीकडे आडव्या पट्ट्या शिवलेल्या, एक इंची पट्टी आणि दर दीड इंचावर टाका, त्यात आपल्याला हवे ते पाऊच अडकवायचे. ही पद्धत अमेरिकन सैन्याने १९९० च्या दशकात आणली, मजबूत आहे यात वाद नाही, पण ती काडतुसं आणि रेडिओ वाहायला केलेली आहे, आपल्याला इलेक्ट्रॉलची पुडी आणि शिट्टी ठेवायचीय. रिकामं असतानाच ते अंगावर जाणवतं. मी मासेमारीच्या जातीचं घेतलं, नायलॉन-पॉलिस्टर मिक्स, आणि गावातून निघताना ओट्यावरचे बाबा विचारतातच, "मासा धराले चालना का रे भो?" सवय झाली आता.

थंडीत एकदम मस्त चाललं. डिसेंबरमध्ये तोरणमाळला सकाळी स्वेटरवर घातलं, काही तक्रार नाही. फेब्रुवारी संपता संपता खरा रंग दिसला. पाठीला जाळी होती पण नावाला, खालच्या अर्ध्या भागात एक मोठा खिसा आणि त्याला दुहेरी कापड, वरून सॅक, म्हणजे पाठीला ओलं पोतं बांधल्यासारखं. तो मागचा खिसा तसाही बिनकामाचा, सॅक असली की त्यात हात जात नाही, सॅक नसली तर एसटीत बसताना आतलं सगळं कमरेला टोचतं. मग फुले मार्केटमधून चांगली मोठ्या भोकांची जाळी घेतली आणि टेलरकडे नेलं, तो खिसा पूर्ण काढून टाकला, मानेपासून खालपर्यंत जाळी लावली, आणि डाव्या बाजूला आतून एक चोरखिसा शिवून घेतला, आपल्या आजोबांच्या बंडीला असायचा तसा. टेलर म्हणे, "इतके खिसे कशाले रे भो, दुकान टाकतो का?" पण काम त्याने झकास केलं, आणि एप्रिलमध्ये जॅकेट अंगावर राहिलं ते त्याच्यामुळेच. सकाळी दहा-साडेदहापर्यंत बरं का, त्यानंतर उन्हात कुठलंच जॅकेट घालू नये, त्यानंतर उन्हात आपणही असू नये.

आता सॅकचं. हे कोणीच लिहीत नाही. जॅकेट आणि सॅक दोन्ही घालणार असाल तर दुकानात सॅक घेऊनच जा, घालून बघा. खांद्यावरची शिलाई जाड असली की ती बरोबर सॅकच्या पट्ट्याखाली येते आणि दोन तासांत खांदा सोलून निघतो. सॅकचा छातीवरचा पट्टा लावला की वरचे दोन खिसे दाबले जातात, कमरेचा पट्टा लावला की खालचे दोन्ही मोठे खिसे गेले. म्हणजे १८ पैकी चालता चालता हात घालता येईल असे माझे जेमतेम पाच-सहाच उरले. माझ्यापेक्षाही आखूड, कमरेच्या पट्ट्याच्या वरच संपणारं जॅकेट यासाठीच बरं.

वेल्क्रो. दोन कारणांनी नको. एक तर आवाज. रानपिंगळा ज्याला शास्त्रज्ञांच्या लेखी ११३ वर्षं पत्ता नव्हता आणि १९९७ ला आपल्या शहाद्याजवळच परत सापडला, तो घुबडाच्या जातीचा असून दिवसा बसलेला दिसतो, आणि असा एखादा पक्षी समोर असताना वही काढायला तुम्ही चर्रर्र करून खिसा उघडता, सोबतचे लोक काय बोलतात ते इथे लिहिता येणार नाही. दुसरं कारण कुसळं. पावसाळ्यानंतर सातपुड्यात गवत वाळलं की कुसळं वेल्क्रोत अशी गुंततात की मग ते चिकटतच नाही, सुईने एकेक काढत बसा. जाळीतही घुसतात, आणि जाळीतून आत बनियनमध्ये. हा जाळीचा तोटा आहे, मान्य, पण घामापेक्षा कुसळ परवडलं.

चेन प्लास्टिकच्या दातांचीच घ्या, जाड दात असलेली. माझ्या जॅकेटला मोठ्या खिशांना प्लास्टिकची आणि दोन छोट्या खिशांना धातूची आहे, त्या धातूच्या दोन्ही घामाच्या मिठाने आखडल्या. मेणबत्ती घासली की काही दिवस चालतात. जॅकेटवर मिठाचे पांढरे पट्टे दिसायला लागले की साध्या पाण्यात भिजवून हाताने पिळायचं, मशीनमध्ये टाकलं तर जाळी ओढली जाते. आणि धुवायच्या आधी सगळे खिसे तपासा, आमच्याकडे शेंगदाण्याची चटणी एकदा सगळ्या बादलीभर झाली होती.

काय कुठे ठेवतो ते सांगतो. उजव्या छातीला शिट्टी, दोरीने बांधलेली, आणि छोटी टॉर्च. वाट चुकलो किंवा पडलो तर मिनिटात सहा वेळा शिट्टी, मग मिनिटभर थांबून परत, हा डोंगरातला जुना इशारा आहे, आणि ओरडण्यापेक्षा शिट्टी लांब जाते आणि घसा कोरडा पडत नाही. डाव्या छातीला वही-पेन्सिल आणि कंपास. कंपास आणि मोबाईल एका बाजूला ठेवायचे नाहीत, मोबाईलच्या स्पीकरमध्ये चुंबक असतं, काटा सरळ खोटं बोलतो. मोबाईल बाहेरच्या खिशात उन्हात ठेवू नका, बऱ्याच फोनला ३५ डिग्रीपर्यंतच वापरा असं कंपनीच सांगते आणि आपल्याकडे ३५ म्हणजे सकाळचे नऊ. तो मी सॅकमध्ये कपड्यात गुंडाळून ठेवतो, पॉवर बँकही तिथेच. चोरखिशात पैसे, आधारची झेरॉक्स, आणि एका कागदावर घरचा नंबर आणि रक्तगट. खाली डावीकडे ओआरएसच्या मोठ्या पुड्या (एक पुडी एक लिटरला, अर्धी टाकून अर्ध्या बाटलीत हलवायची असले अंदाज करू नका), क्रेप बँडेज, चिकटपट्टी, माचिस प्लास्टिकच्या डबीत. सापासाठी म्हणून काही जण ब्लेड आणि आवळायची दोरी ठेवतात ते आजच काढून टाका, कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळायचं नाही, हात-पाय हलू द्यायचा नाही आणि १०८ ला फोन करून दवाखाना गाठायचा. खाली उजवीकडचा खिसा रिकामा, त्यात कचरा. वेफरचं पाकीट, गोळीचं कव्हर, सगळं परत घरी.

पाणी जॅकेटमध्ये नाही म्हणजे नाही. एक लिटर पाणी एक किलो, वरून बाटली, ते एका बाजूच्या खिशात घातलं की जॅकेट तिकडे ओढलं जातं, मान दुखते, आणि उतारावर वाकलं की बाटली पुढे येऊन गुडघ्याला लागते. उन्हाळ्यात तीन-चार लिटर लागतंच, ते सॅकमध्ये पाठीलगत. आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानाच्या काट्यावर भरलेलं जॅकेट तोललंय, दीड किलोच्या आत असलं की दिवसभर आहे हे कळतही नाही, दोनच्या वर गेलं की दुपारी चिडचिड सुरू. भाकरी-ठेचाही सॅकमध्येच, कारण तेल.

रंग. काळा नको, तापतो, आणि कड्यांवर आग्या मोहोळ असतात तिथे माश्या गडद रंगावर जास्त येतात. गर्द हिरवाही आपल्याकडे पावसाळ्यापुरताच लपतो, फेब्रुवारीनंतर सागाची पानं गळून अख्खा डोंगर मातकट झालेला असतो, तेव्हा मातीचा रंग घ्या. आणि ते लष्करी छापाचं घेऊच नका राव. २०२२ ला आलेल्या नव्या गणवेशाचं डिझाइन सैन्याने नोंदवून ठेवलंय, बाहेर कोणीही विकायचं नाही, तरी विकतात. ते घालून जंगलात शिरलात तर नाक्यावरचा वनरक्षक तुम्हाला दहा प्रश्न विचारणार आणि त्याचं काहीच चुकत नाही.

पावसात काय होतं ते आता जूनमध्ये बघतोय. वॉटरप्रूफ लिहिलंय पण शिलाईतून पाणी येतंच, त्यामुळे वरून सैल पोंचो (डोक्यातून घालायचा बिनबाह्यांचा रेनकोट) आणि आत जॅकेट, आणि कागद-पैसे झिपवाल्या पिशवीत. वाळतं मात्र लवकर, पंख्याखाली रात्रीत वाळलं.

साइजचं एवढंच की तुमच्या शर्टापेक्षा एक नंबर मोठं मागवा, थंडीत आत स्वेटर बसला पाहिजे, आणि उन्हाळ्यात सैल राहिलं तर बाजूला पट्ट्या असतात त्या ओढून घेता येतात. बाजूला पट्ट्या नसलेलं जॅकेट असेल तर कितीही स्वस्त मिळू दे, सोडून द्या.