फुकट द्यायचंय, पण नेणार कोण? मुंबईत घरातलं जुनं सामान देण्याच्या वाटा

मुंबईत फुकट वस्तू घ्यायला माणसं चिकार असतात, अडतं ते उचलण्यापाशी. फुकट सोफा म्हणजे घेणाऱ्याला टेम्पोचं भाडं, दोन हमालांची मजुरी आणि जिन्याच्या वळणावर भिंतीला ओरखडा पडला तर सेक्रेटरीची बोलणी. त्यामुळे ‘कुठे पोस्ट टाकू’ याच्या आधी दोन प्रश्न सोडवा. वस्तू एका माणसाच्या हातात मावते का? आणि घर रिकामं करायला किती दिवस उरलेत? इमारत पुनर्विकासाला जात असेल किंवा अकरा महिन्यांचा भाडेकरार संपत आला असेल, तर दुसरा प्रश्न पहिल्याहून मोठा.

सोसायटीचा व्हॉट्सअॅप गट

वेगात याला तोड नाही. मिक्सर, मुलांची सायकल, स्टडी टेबल, कुंड्या या वस्तू इथे तासाभरात जातात. टेम्पो लागत नाही, अनोळखी माणूस दारात येत नाही, गेटपासची कटकट नाही. डबल बेडसुद्धा बी विंगमधून सी विंगमध्ये चौघांनी मिळून नेता येतो.

त्रास वेगळ्या जातीचा. एकाच वेळी तिघांनी ‘आम्हाला हवं’ लिहिलं की कोणाला दिलं यावरून वर्षभर लिफ्टमध्ये नजर चुकवावी लागते. म्हणून पोस्टमध्येच नियम लिहून टाका: जो आधी वेळ ठरवून येईल त्याला. वस्तू गेली की त्याच मेसेजखाली ‘गेलं’ लिहा, नाहीतर दोन दिवस ‘आहे का अजून?’ येत राहतं.

या गटात घरकाम करणाऱ्या मावशी, वॉचमन, झाडूवाले नसतात, आणि अनेकदा वस्तूची खरी गरज त्यांनाच असते. त्यांना आधी विचारा, पण नको म्हणायची सोय ठेवून. ‘ही गादी घेऊन जा’ असं मालकिणीने म्हटलं की मावशींना नाही म्हणणं जड जातं. मग ती गादी दहा बाय दहाच्या खोलीत कुठेतरी उभी राहते. ‘तुमच्याकडे जागा आहे का, उपयोग होईल का’ असं विचारा, आणि हो म्हणाल्या तर टेम्पोचे पैसे तुम्ही द्या. बिघडलेली वस्तू भेट म्हणून देऊ नका.

फेसबुकवरचे देवाणघेवाणीचे गट

वस्तू फुकट द्यायची ही पद्धत आता जुनी झाली. अमेरिकेतल्या टूसॉन शहरात २००३ साली ‘फ्रीसायकल’ सुरू झालं आणि २०१३ साली वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज बेटावर ‘बाय नथिंग’. दोन्हींचा पाया एकच: शेजाऱ्याने शेजाऱ्याला द्यायचं, पैसे मध्ये आणायचे नाहीत. तिथे माणूस गाडी घेऊन येतो आणि सामान डिकीत टाकून जातो. मुंबईत ‘शेजारी’ म्हणजे बोरिवलीच्या पोस्टला कल्याणहून आलेला मेसेज. माणूस मनापासून विचारत असतो, पण टेम्पोचं भाडं कळलं की गप्प होतो.

म्हणून शहरभराच्या गटापेक्षा उपनगरापुरता गट बघा, आणि तुमच्याच रेल्वेमार्गावरच्या माणसाला पहिली पसंती द्या. हातात मावणारी वस्तू असेल तर लोकलच कामाला येते. दुपारी बारा ते चार या वेळात, तिकीटखिडकीजवळ किंवा इंडिकेटरखाली भेट ठरवली की घरचा पत्ता द्यावा लागत नाही. प्रेशर कुकर, पुस्तकांची पिशवी, बाळाची कॅरियर, कॅमेऱ्याचा ट्रायपॉड यांना ही सोय उत्तम.

या वाटेचा मोठा आनंद म्हणजे नेमका माणूस सापडणं. बंद पडलेलं शिवणयंत्र दुरुस्त करून वापरणारी बाई, जुने रेडिओ उघडणारा मुलगा, फुटक्या टाइल्स मागणारी कलाशिक्षिका. सोसायटीत यांच्यापैकी कोणी असेलच असं नाही. विचित्र किंवा अर्धवट वस्तूंसाठी हाच गट बरा.

मनस्ताप म्हणजे ‘घेतो’ म्हणून न येणारे. तिघांनी घेतो म्हटलं तर एक येईल असं धरून चाला. पहिल्याला २४ तास द्या, दुसऱ्याला ‘तुमचा नंबर दुसरा’ असं सांगून ठेवा. वेळ टळली की दुसऱ्याला फोन लावा, पहिल्याची समजूत घालत बसू नका.

ओएलएक्स किंवा फेसबुकच्या मार्केटप्लेसवर नाममात्र किंमत लावून

हे फुकट देणं नाही, पण जड सामानासाठी आमचा कौल इथेच. ‘फुकट’ लिहिलं की शंभर मेसेज येतात. ‘५०० रुपये’ लिहिलं की दहा येतात, आणि त्या दहांना वस्तू हवी असते. जो पाचशे मोजणार तो टेम्पोचा विचार करूनच बोलतो. सामान उचलून झाल्यावर पैसे नको म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. मात्र आधी सांगू नका.

धोका इथेच जास्त. पैसे पाठवायच्या बहाण्याने क्यूआर कोड धाडणारे भेटतात. सैन्यात आहे, बदली झालीय, माणूस पाठवतो, आधी टोकन घ्या, असं बोलणं असतं. क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की पैसे तुमच्याच खात्यातून जातात. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. एवढं लक्षात ठेवलं की बहुतेक फसवणूक तिथेच थांबते. तरी गेलेच पैसे, तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. व्यवहार रोखीत, वस्तू टेम्पोत चढताना.

घेणारा विकायला नेतोय हे कळलं तर अनेकांना टोचतं. टोचू देऊ नये. वस्तू वापरात राहिली आणि ओझं त्याने वाहिलं, त्याची ती मजुरी. तरीही मनाला पटत नसेल तर पुढची वाट.

संस्था

संस्थेला दिलं की कोणाच्या हाती गेलं याची काळजी मिटते. पण निवड त्यांची असते. ‘गूंज’ ही १९९९ पासून कपड्यांवर काम करणारी संस्था जुन्या सुती कापडापासून मासिक पाळीची पॅड्ससुद्धा बनवते. त्यामुळे विरलेली सुती चादर तिथे उपयोगी पडू शकते, नायलॉनचा झगमगीत ड्रेस तितका नाही. कुठल्याही संस्थेला द्यायचं तर कपडे धुऊन, वाळवून, पुरुष-बायका-मुलं अशी गाठोडी वेगळी करून, वर चिठ्ठी लावून द्या. वापरलेले अंतर्वस्त्र, डाग पडलेल्या उशा, एकच पायाची चप्पल यांचं ओझं त्यांच्यावर टाकू नका, ते निवडण्यात त्यांचा माणूस अडकतो. फर्निचरबद्दल आधी फोनवर विचारा. देणगीवरची आयकर सवलत पैशांच्या देणगीला असते, वस्तूंना नाही.

भंगारवाला आणि बोहारीण

भंगारवाल्याला लोखंड, तांबं, रद्दी, इन्व्हर्टरची बॅटरी हवी असते. प्लायवूडचा बेड, फोमची गादी, सनमायका लावलेलं टेबल नको असतं, किंवा उचलायचे उलट पैसे मागतो. म्हणून ऑनलाइन काय टाकायचं याची यादी त्याच्या नकारावरून करा. लोखंडी कपाट शेवटच्या दिवशीही जाईल, बेड जाणार नाही. बेडची पोस्ट आधी. साड्या आणि पँटींच्या बदल्यात स्टीलचं पातेलं देणारी बोहारीण अजून काही चाळींत आणि जुन्या सोसायट्यांत येते. घासाघीस करायची तयारी असेल तर तिच्याइतकी सोपी वाट नाही.

पोस्ट कशी लिहावी

निम्मे मेसेज अर्धवट माहितीमुळे येतात. ‘चांगल्या स्थितीतला टेबल, फुकट’ यापेक्षा असं लिहा:

‘लाकडी स्टडी टेबल, ४ बाय २ फूट, उंची अडीच फूट. डावा खण अडकतो, वाळवी नाही. दादर पश्चिम, तिसरा मजला, लिफ्ट नाही. चारही पाय स्क्रूने सुटतात, स्क्रूड्रायव्हर आम्ही देऊ. माणसं आणि टेम्पो तुमचा. शनिवारी १० ते १. जो येण्याची वेळ पक्की करेल त्याला.’

मजला, लिफ्ट, मोजमाप, दोष आणि वेळ. दोषाचा फोटो वेगळा टाका. फ्लॅट नंबर पोस्टमध्ये नको, येणाऱ्याला निघताना फोनवर सांगा. शक्य असेल तर सामान आधीच खाली लॉबीत आणून ठेवा. घराचं दार उघडावं लागत नाही आणि घेणारा ‘बघून सांगतो’ म्हणत घरभर फिरत नाही. सामान बाहेर न्यायला बऱ्याच सोसायट्यांत गेटपास लागतो. ऑफिस बंद असलेल्या रविवारी टेम्पो बोलावला की वॉचमन अडवतो, तेव्हा सही आदल्या दिवशी घ्या.

वस्तू देण्याआधीची तयारी

बेड. सहा बाय सव्वासहाचा बॉक्स बेड घरात जोडलेला असतो, लिफ्टच्या अडीच-पावणेतीन फुटी दारातून तो अखंड जाणार नाही. सुतार बोलावून आधीच सुटा करा, स्क्रू पिशवीत भरून हेडबोर्डला चिकटवा, आणि आतल्या कप्प्यांतली कागदपत्रं काढून घ्या. सागवान किंवा चांगलं प्लाय असेल तर पुन्हा जोडता येतं. पार्टिकल बोर्ड असेल तर एकदा सुटलेल्या स्क्रूची भोकं सैल होतात, दुसऱ्यांदा घट्ट बसत नाहीत, आणि पावसात भिजलेली कड फुगलेली असते. असं कपाट देताना घेणाऱ्याला हे सांगा, नाहीतर टेम्पोचे पैसे त्याच्या डोक्यावर.

फ्रिज. आदल्या दिवशी बंद करा, बर्फ वितळू द्या, ट्रे पुसून घ्या, दार उघडं ठेवून वाळवा. नेताना उभाच न्यायचा. आडवा केला तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत शिरतं. उभा नेला तरी नव्या जागी तीन-चार तास थांबून सुरू करायचा, आडवा झालाच तर पूर्ण दिवस. हे कागदावर लिहून दाराला चिकटवा. ‘फुकट दिला पण बंद निघाला’ ही तक्रार बऱ्याचदा इथून येते.

फ्रंट लोड वॉशिंग मशीन हलवताना ड्रम धरून ठेवणारे ट्रान्झिट बोल्ट लावावे लागतात. ते हरवले असतील तर ड्रम झोके खात आदळतो. एसी फुकट देणं फसवं. गॅस बाहेरच्या युनिटमध्ये गोळा करून काढायला आणि परत बसवायला मेकॅनिकच लागतो, तो खर्च घेणाऱ्याला आधीच सांगा.

शेगडी द्या, पण रबरी नळी नवी घ्यायला सांगा. सिलिंडर आणि रेग्युलेटर देऊ नका, ते गॅस कंपनीचे असतात, परतच करायचे. फोन देताना आधी गूगल खातं काढा, मग रीसेट करा. उलट केलं तर पुढच्याला तुमचाच पासवर्ड विचारत राहतो. संगणकाची हार्डडिस्क काढून ठेवा. बॅटरी फुगलेला फोन किंवा लॅपटॉप कोणालाच देऊ नये.

जुना डबा टीव्ही हा वेगळाच प्रश्न. काचेत शिसं असतं. भंगारवाला तांब्यासाठी फोडतो, काच रस्त्याकडेला राहते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे. कंपनीच्या संकेतस्थळावरून संकलन केंद्र शोधा, किंवा नवा टीव्ही घेताना दुकानाच्या एक्स्चेंजमध्ये टाका.

शालेय पुस्तकं निकालानंतर, एप्रिल-मेमध्येच द्या. जूननंतर ज्याला हवी त्याने घेतलेली असतात. अभ्यासक्रम बदलला नाही ना, हे आवृत्तीच्या वर्षावरून बघा. स्टडी टेबल आणि साधी गादी मात्र जून ते ऑगस्टमध्ये जाते, तेव्हा शिकायला आलेली मुलं खोल्या शोधत असतात. त्याच महिन्यांत टेम्पोवर ताडपत्री हवी. दिवाळीच्या आधी सगळ्या शहराचे माळे एकदम रिकामे होतात, म्हणून त्या पंधरवड्यात पोस्ट टाकणं टाळा.

दिवस मोजून

तीन आठवडे असतील तर बेड, सोफा, डायनिंग टेबल आधी ओएलएक्सवर नाममात्र किमतीत, चित्रविचित्र वस्तू फेसबुक गटात. दहा दिवस उरले की जे गेलं नाही ते सोसायटीच्या गटात फुकट, आणि कपडे-भांड्यांची गाठोडी संस्थेकडे. शेवटच्या तीन दिवसांत ऑनलाइन पोस्टच टाकू नका. भंगारवाल्याला एकदाच बोलावून लोखंड आणि प्लायवूड एकत्र द्या. लोखंडाच्या लोभाने तो प्लायवूडही उचलतो, म्हणून लोखंडी कपाट आधी देऊन मोकळे होऊ नका. उरते गादी. कापसाची असेल तर पिंजून नवी करणारा गादीवाला ती घेतो. फोमची कोणीच घेत नाही, तिच्यावर ढेकणांचा संशय सगळ्यांनाच असतो. फोमच्या गादीचा फोटो उन्हात, चेन उघडून आतला फोम दिसेल असा काढा. त्यानंतरही नाही गेली तर घर सोडताना तिच्यासाठी वेगळे पैसे बाजूला ठेवा.