क्रॉसड्रेसरने रंगाचा आणि पेहरावाचा सल्ला कोठे घ्यावा: व्हिडिओ कॉलवर की पार्लरमध्ये?

साडी नेसता येते, विग नीट बसवता येतो, दाढीच्या निळसर छटेवर फाउंडेशनच्या आधी नारिंगी किंवा पीच करेक्टर लावायचा असतो हेही ठाऊक आहे; परंतु आपल्याला कोणता रंग खुलतो आणि रुंद खांद्यांवर कोणता ब्लाउज शोभतो, हे कोणा जाणकाराला विचारावेसे वाटते, अशा टप्प्यावर आलेल्या क्रॉसड्रेसर, म्हणजे आवडीने स्त्रीवेश करणाऱ्या पुरुष वाचकासाठी हा आढावा आहे. मराठवाड्यात राहणाऱ्या माणसापुढे त्यासाठी प्रामुख्याने दोन मार्ग असतात. एक म्हणजे पुण्या-मुंबईकडील इमेज कन्सल्टंटला छायाचित्रे पाठवून व्हिडिओ कॉलवर सल्ला घेणे आणि दुसरा म्हणजे आपल्या किंवा शेजारच्या जिल्ह्यातील एखाद्या विश्वासू पार्लरमध्ये समोरासमोर बसणे. मी दोन्ही करून पाहिले आहे. फोटोवरून क्षणात निकाल देणारी ॲप मी गणतीत धरलेली नाहीत, कारण माझ्या बाबतीत एकाच ॲपने सकाळी एक आणि दिवेलागणीनंतर दुसराच निकाल दिला होता.

व्हिडिओ कॉलचा सर्वांत मोठा लाभ गुप्ततेचा आहे आणि तो कमी लेखण्यासारखा मुळीच नाही. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात आणि त्यांपैकी कोणत्याही रस्त्याने गेले तरी कोणीतरी ओळखीचे भेटतेच. अशा शहरात स्वतःच्या खोलीचे दार लावून, परगावच्या अनोळखी व्यक्तीशी मोकळेपणाने बोलता येणे ही मोठीच सोय आहे. मी ज्यांच्याकडून सल्ला घेतला त्या बाईंनी आरंभीच मला कोणत्या नावाने हाक मारावी हे विचारले आणि पुढे एकदाही अवघडल्यासारखे वाटू दिले नाही. पेहरावाविषयी त्यांनी सांगितलेले बहुतेक सारे मी आजही पाळतो: बोटनेक आणि फुग्यांच्या बाह्या टाळाव्यात, गळा व्ही आकाराचा आणि बाह्या कोपराखालपर्यंत असाव्यात, ब्लाउज साडीपेक्षा गडद ठेवावा आणि खांद्यावरचा पदर अरुंद चुण्यांमध्ये पिनअप करावा, म्हणजे खांद्याची आडवी रेषा मधेच तुटते. शरीराच्या ठेवणीविषयीचा सल्ला पडद्यावरून उत्तम मिळू शकतो, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

अडचण रंगापाशी आली, आणि माझा निर्णय त्या एकाच अडचणीने केला. फोनचा कॅमेरा समोरच्या दृश्याचा रंग आपण होऊन तोलत असतो. हनुवटीखाली केशरी ओढणी धरली की पडद्याचा मोठा भाग केशरी होतो, कॅमेरा तो कमी करण्यासाठी सबंध चित्र निळसर करतो आणि चेहरा एकाएकी आजारी दिसू लागतो. मोरपिशी धरली की उलट होते आणि चेहऱ्यावर नसलेला ताजेपणा येतो. समोरच्या बाई अतिशय मनापासून ‘केशरी नको, मोरपिशी छान’ असे सांगत होत्या, परंतु त्या पाहत होत्या तो कपड्याचा परिणाम नव्हता, फोनची दुरुस्ती होती. याहून त्रासदायक गोष्ट म्हणजे समोरचा कॅमेरा त्वचा गुळगुळीत करून दाखवतो. दाढी सकाळी कितीही घोटून केली तरी दुपारनंतर ओठांच्या वर आणि हनुवटीवर जी करडी-निळी छटा उमटते, ती माझ्या फोनने पार पुसून टाकली होती, आणि मला सल्ला हवा होता तो नेमका त्या छटेसाठी. सौंदर्यवर्धक सोय बंद करता येते हे खरे. तथापि माझ्या फोनवर ती व्हिडिओ कॉलमध्ये पूर्णपणे बंद होईना आणि रंगाचा तोल स्थिर ठेवण्याची सोय तर साध्या छायाचित्रापुरतीच होती. अधिक चांगल्या उपकरणावर कदाचित वेगळा अनुभव येईल.

कोणी म्हणेल की कोणत्या त्वचेला कोणता रंग खुलतो याचे कोष्टक तयार असताना कॅमेऱ्याचे एवढे काय घेऊन बसायचे? त्याचे कारण असे की हनुवटीजवळच्या कपड्याचा परिणाम दोन तऱ्हांनी होतो. रेशमासारखे चकाकते कापड स्वतःच्या रंगाचा उजेड खालून चेहऱ्यावर टाकते, म्हणजे निळे रेशीम हनुवटी अधिक निळी करते. दुसरीकडे, शेजारी ठेवलेले रंग डोळ्यांना एकमेकांपासून दूर सरकल्यासारखे दिसतात, म्हणजे त्याच निळ्याशेजारी त्वचा थोडी उबदार भासते. पॅरिसच्या गोबेलँ विणकामशाळेत रंगाई विभाग सांभाळणाऱ्या शेव्ह्रल या रसायनशास्त्रज्ञाने हा दुसरा नियम 1839 साली सविस्तर मांडला. दोन्ही परिणाम पुष्कळदा परस्परविरुद्ध ओढतात आणि कोणता जिंकेल हे कापडाची चमक, उजेडाची दिशा आणि दाढीची दाटी यांवर ठरते. धूपछाँव पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असल्यामुळे घडी हलली की रंगच बदलतो. तेथे कोष्टक काय करणार?

पार्लरमध्ये हे सारे फार साधेपणाने झाले. दुपारच्या निवांत वेळी पार्लर चालवणाऱ्या ताईंनी मला खुर्ची उचलून मागच्या उघड्या पडवीत बसायला सांगितले, कारण आतल्या पांढऱ्या दिव्यांवर त्यांचाही भरवसा नव्हता. आपल्याकडे जुन्या बायका दुकानातली साडी दारापर्यंत नेऊन उजेडात पाहतात, तीच ही रीत. मग त्यांनी घरातल्या साड्यांचे पदर एकामागून एक माझ्या खांद्यावर टाकले. फिकट जांभळा टाकताच त्या म्हणाल्या, “दादा, ह्यो नको. ह्यानं हनुवटी काळी दिसायली.” आरशात पाहिले तर खरोखरच तसे होते, आणि त्या जागी मोतिया रंगाचा पदर येताच ती छटा निवळली. कॉलवर नापास झालेला आंब्याचा पिवळा येथे उत्तम ठरला. राणी रंग चालला, परंतु सुतीत. रेशमात तो चेहऱ्यावर चढत होता.

आणखी एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. माणसांची रंगछटांनुसार ऋतूंच्या नावांनी गटवारी करणाऱ्या प्रचलित पद्धतीत त्वचा, केस आणि डोळे यांचा मेळ पाहतात, आणि त्यासाठी मेकअपविना चेहरा मागतात. आपल्याकडे बहुतेकांचे केस काळे आणि डोळे गडद, त्यामुळे तिथे फारसा फरक उरत नाही. त्यातही क्रॉसड्रेसरचे केस म्हणजे निवडलेला विग आणि चेहरा म्हणजे करेक्टर व फाउंडेशन. मेकअपविना मी साडी कधीच नेसत नाही, तेव्हा त्या चेहऱ्यासाठी काढलेले रंग माझ्या काय कामाचे? ताईंनी आधी विग आणि मेकअप पूर्ण करायला लावला, आणि फाउंडेशन मानेपेक्षा उजळ झाल्याचेही तेथेच दाखवून दिले.

पार्लरच्या बाजूने सगळेच उजवे आहे असे म्हणता येणार नाही. लेखी काही मिळत नाही, स्वतःच टिपून ठेवावे लागते. ताईंचा कल भरजरीकडे आणि लग्नसराईच्या थाटाकडे आहे; रोजच्या वापरातली साधी कुर्ती कशी असावी, हे त्यांना फारसे सुचले नाही. शिवाय बातमी फुटण्याची भीती पूर्णपणे जात नाही, आणि ज्यांची नोकरी किंवा घर त्यावर अवलंबून आहे त्यांनी माझ्या पसंतीला भुलू नये, व्हिडिओ कॉलच पत्करावा. मात्र अंगावर घालून पाहिल्याने कळणाऱ्या गोष्टी तेथेच कळतात. साडीचा पन्हा (रुंदी) साधारण 45 ते 47 इंच असतो, त्यामुळे उंच माणसाने टाचांच्या चपला घातल्या की साडी घोट्यावर येते. परकर किती खाली बांधला तर ती पुरते, हे ताईंनी बांधून दाखवले. खळ केलेली सुती इरकल कमरेखाली फुगून राहते आणि नितंबांची उणीव भरून काढते, हेही मला तेथेच समजले. ब्लाउजचा मुंढा (बाही जोडतात ती जागा) मोठा आणि टक्स (छातीपाशी घातलेल्या शिवणचुण्या) थोडे खाली हवेत, हे त्यांनी ओळखीच्या शिंपीणबाईंना परस्पर सांगितले, म्हणून मला ते कोणाला समजावत बसावे लागले नाही.

पैशांच्या दृष्टीने पार्लर बरेच स्वस्त पडले, परंतु निवड त्यावर करू नये. ज्यांना दोन्ही परवडते त्यांनी खांदे, गळा आणि बाह्या यांपुरता कॉल करावा आणि रंगाचे पान तेथे उघडू नये. पार्लर निवडताना आधी फोनवर स्पष्ट शब्दांत विचारावे की पुरुषाने स्वतःसाठी साडी आणि मेकअपचा सल्ला घेतलेला चालेल का. उत्तर देताना समोरची व्यक्ती हसली किंवा घुटमळली तर दुसरीकडे फोन करावा. जाताना स्वतःचा विग, रोजचा फाउंडेशन आणि अंगात नीट बसणारा एक ब्लाउज सोबत न्यावा. वेळ दुपारी तीननंतरची घ्यावी, म्हणजे दाढीची छटा उमटलेली असेल आणि पडवीत उजेडही पुरेसा असेल.